ऑक्टोबरमध्ये कॉलेज बास्केटबॉल संघाचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, आणि त्याआधीचा ऑक्टोबर हा केवळ अंदाजांचा महिना असतो. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी मुलेमुलीही आहेत. वेस्ट लाफायेतला पाऊल ठेवल्यापासून महिना-दोन महिन्यांत ‘यंदा आपला संघ कसा आहे?’ हा प्रश्न त्यांच्या कानांवर पडू लागतो. नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेला एखादा अपवाद सोडला, तर क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या नजरेला या प्रश्नाचे उत्तर कुठे शोधायचे हे चटकन उमगत नाही. त्यासाठी एक पद्धत येथे मांडली आहे आणि उदाहरण म्हणून पर्ड्यूचाच पुरुष संघ घेतला आहे, कारण २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठच्या दोन ऑक्टोबरमध्ये या संघाबद्दल बांधलेले अंदाज पुढे काय घडले त्याच्याशी ताडून पाहता येतात.

सर्वांत आधी एक पथ्य पाळावे. मागील मार्चमधील शेवटचा सामना काही काळ डोळ्यांआड करावा. राष्ट्रीय स्पर्धेत एका पराभवाने संघ बाद होतो, त्यामुळे बहुतेक संघांचा हंगाम पराभवानेच संपतो आणि तो एक पराभव पुढचे सहा महिने लोकांच्या बोलण्यावर राज्य करतो. त्याच्याकडे परत यायचे आहेच, पण हातात आकडे घेऊन.

मिनिटांचा ताळेबंद

सामना ४० मिनिटांचा आणि कोर्टवर पाच खेळाडू, म्हणजे प्रत्येक सामन्यात संघाकडे वाटायला २०० मिनिटे असतात. गेल्या हंगामात कोणी सरासरी किती मिनिटे खेळून काढली हे एका कागदावर उतरवावे, जे खेळाडू शिक्षण संपवून, एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेले त्यांच्या नावांवर काट मारावी आणि उरलेल्या मिनिटांना २०० ने भागावे. हे काम एप्रिलमध्ये करून उपयोग नाही. २०२१ पासून खेळाडूंना एकदा संघ बदलून एक वर्ष न थांबता लगेच खेळता येऊ लागले आणि २०२४ मध्ये ती एकदाची मर्यादाही गेली, त्यामुळे वसंत ऋतूत संघाची यादी रोज बदलते. एनबीएच्या निवडीतून नाव मागे घेण्याची मुदतही मेअखेरपर्यंत चालते. पर्ड्यूचा सात फूट चार इंच उंचीचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) झॅक ईडी परत येणार हे २०२३ मध्ये त्या मुदतीच्या अगदी शेवटी ठरले.

आता ऑक्टोबर २०२२ ची यादी पाहा. एनबीएच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर उचलला गेलेला जेडन आयव्ही गेला होता, ट्रेव्हियन विल्यम्स गेला होता, नेमबाज साशा स्टेफानोविच गेला होता. मिनिटांचा ताळेबंद वाईट होता आणि असोसिएटेड प्रेससाठी मतदान करणाऱ्या क्रीडापत्रकारांनी पर्ड्यूला पहिल्या २५ संघांतही धरले नाही. तो संघ हंगामाच्या मध्यास देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि त्याने बिग टेन या आपल्या गटाचे साखळीचे आणि स्पर्धेचे अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली.

पत्रकारांचे चुकले ते याच ताळेबंदावर विसंबल्यामुळे. त्याला एक दुसरा रकाना जोडावा लागतो : दर ४० मिनिटांमागे प्रत्येकाची कामगिरी. २०२१-२२ मध्ये ईडी सेंटरची जागा विल्यम्सबरोबर वाटून घेत होता; तो सरासरी १९ मिनिटे खेळून १४.४ गुण करत होता, म्हणजे ४० मिनिटांच्या हिशेबाने सुमारे ३० गुण. विल्यम्स गेल्यावर ईडीची मिनिटे ३१.७ झाली आणि गुण २२.३, म्हणजे त्याच हिशेबाने सुमारे २८. मिनिटे दीडपटीहून अधिक वाढूनही वेग जेमतेम घटला, आणि जेमतेम अर्धा वेळ खेळणारा हा मुलगा त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. कनेटिकट विद्यापीठातही तेच दिसले. २०२३ च्या विजेत्या संघात अदामा सानोगोच्या मागे थोडीच मिनिटे खेळणारा डोनोव्हन क्लिंगन पुढच्या वर्षी मुख्य सेंटर झाला आणि संघाने विजेतेपद राखले.

हा रकाना वापरताना दोन गोष्टी तपासाव्यात. ती थोडी मिनिटे निकाल लागून गेलेल्या सामन्यांतील आहेत की अटीतटीच्या, हे पाहावे. आणि खेळाडू फाउलमुळे बाहेर बसत होता का, हेही पाहावे, कारण दर सहा मिनिटांनी एक फाउल करणारा खेळाडू पाचव्या फाउलला बाद होतो आणि त्याला ४० मिनिटे मिळतच नाहीत.

रिकामी जागा कशाची आहे

परतणारी मिनिटे भरपूर आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये. याच २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पत्रकारांनी नॉर्थ कॅरोलायनाला पहिला क्रमांक दिला होता. तो संघ एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ७२-६९ असा हरला होता आणि त्याच्या पहिल्या पाचांपैकी चार जण परतले होते. जो एकटा गेला तो ब्रेडी मॅनेक : उंचापुरा आणि लांबून बास्केट करणारा. त्याच्या भीतीने प्रतिस्पर्ध्याचा एक उंच बचावपटू नेहमी बास्केटपासून दूर राहत असे आणि त्या मोकळ्या जागेत बाकीचे चौघे खेळत. ती जागा मिटली, आक्रमण कोंडले, आणि पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केलेल्या या संघाला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्थानही मिळाले नाही.

म्हणून काट मारलेल्या प्रत्येक नावापुढे त्याच्या गुणांचा आकडा नव्हे, तर त्याचे काम लिहावे. चेंडू पुढे कोण आणत होता, लांबून कोण मारत होता, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत वेगवान गार्डला (चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूला) कोण अडवत होता, हे लिहून झाले की नव्या खेळाडूंची नावे त्या कामांपुढे मांडून पाहावीत. गुण दुसरे कोणीही करू शकते. काम मात्र प्रत्येकाला जमत नाही. माझ्या मते संपूर्ण अंदाजातील हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि हंगामपूर्व लेखांत तोच सर्वांत कमी वाचायला मिळतो.

मार्चकडे परत

१७ मार्च २०२३ रोजी पहिले मानांकन मिळालेला पर्ड्यू सोळावे, म्हणजे सर्वांत खालचे मानांकन असलेल्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात असे त्याआधी एकदाच, २०१८ मध्ये व्हर्जिनियाच्या बाबतीत घडले होते. ज्या संघाने हरवले तो देशातील सर्वांत बुटक्या संघांत गणला जाणारा होता आणि पर्ड्यूकडे ईडी होता, त्यामुळे टीका बोचरी झाली. अशा वेळी पराभवाचे दोन भाग करावेत : जे पुन्हा घडेलच असे नाही ते एकीकडे, आणि जे दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा घडेल ते दुसरीकडे.

त्या रात्री पर्ड्यूने तीन गुणांच्या रेषेबाहेरून २६ प्रयत्न केले आणि त्यांतले ५ साधले. संपूर्ण हंगामातील त्याचे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते, म्हणजे मुळातच साधारण. त्या साधारण प्रमाणानेही २६ प्रयत्नांत आठ बास्केट व्हायला हवी होती. तीन बास्केट जास्त म्हणजे नऊ गुण, आणि सामना गेला पाच गुणांनी. हा झाला पहिला भाग. मात्र पर्ड्यूने चेंडूचा ताबाही १६ वेळा गमावला, आणि तो दैवाचा खेळ नव्हता. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन्ही मुख्य गार्ड पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, फेअरली डिकिन्सनच्या चपळ खेळाडूंनी पूर्ण कोर्टभर त्यांचा पिच्छा पुरवला, आणि त्यांच्या मदतीला चेंडू हाताळणारा तिसरा भरवशाचा माणूस नव्हता.

एवढे लिहून काढले की ऑक्टोबर २०२३ चा अंदाज जवळजवळ आपोआप तयार होतो. पहिले पाचही खेळाडू परतले होते. गार्ड एका वर्षाने मोठे झाले होते. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणले होते. तो शेवटच्या वर्षाचा, अंगाने दणकट, चेंडू हाताळणारा आणि बचावात झोंबणारा गार्ड होता, म्हणजे रिकाम्या कामाला नेमके नाव मिळाले होते. तेथे तो संघाच्या आक्रमणाचा मोठा भार वाहत असे. पर्ड्यूत त्याला तो भार वाहायचा नव्हता. लहान गटातून येणाऱ्या खेळाडूचा अंदाज बांधताना ही खूण लक्षात ठेवावी. ज्याच्यावरचा भार नव्या संघात कमी होतो त्याची अचूकता बहुधा टिकते किंवा सुधारते, आणि ज्याच्यावर तो वाढणार असतो त्याच्या जुन्या आकड्यांतून थोडी वजाबाकी करूनच पुढे जावे.

चार मोजमापे

सामन्यामागे किती गुण हा आकडा फसवा असतो, कारण काही संघ वेगाने खेळतात आणि काही चेंडू घोळवत प्रयत्नासाठी मिळणारे ३० सेकंद संपत आणतात. म्हणून हिशेब चेंडूच्या दर १०० ताब्यांमागे करावा. ताबे मोजण्याचे सूत्र सोपे आहे : बास्केटचे प्रयत्न, वजा आक्रमणातील रिबाउंड (हुकलेला चेंडू पुन्हा मिळवणे), अधिक टर्नओव्हर (ताबा गमावणे), अधिक फ्री थ्रोच्या (फाउलमुळे मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून येणारा आकडा. समजा ६० प्रयत्न, १० रिबाउंड, १२ टर्नओव्हर आणि २० फ्री थ्रो असतील, तर ताबे ७१.५ होतात, आणि त्यांत ७८ गुण झाले असतील तर १०० ताब्यांमागे सुमारे १०९ गुण. आकडेतज्ज्ञ केन पोमरॉय यांची संघांची प्रसिद्ध क्रमवारी याच पायावर उभी आहे. तीत प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचाही हिशेब केलेला असतो, त्यामुळे दुबळ्या संघांवरच्या मोठ्या विजयांनी दिशाभूल होत नाही.

हे गुण येतात कोठून, याची फोड बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी चार घटकांत केली आणि त्यांचे महत्त्व साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के असे मांडले : नेमबाजीची परिणामकारकता, टर्नओव्हर, आक्रमणातील रिबाउंड आणि फ्री थ्रो मिळवणे. नेमबाजी मोजताना तीन गुणांची बास्केट दीडपट धरावी. चारही घटक आक्रमणासाठी आणि बचावासाठी वेगळे मांडले की आठ आकडे मिळतात आणि संघाचा स्वभाव डोळ्यांसमोर उभा राहतो. ईडीच्या पर्ड्यूचा स्वभाव होता रिबाउंड आणि फ्री थ्रो यांवर जगण्याचा. प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू तो फारसा हिसकावत नसे, म्हणून स्वतःचे टर्नओव्हर त्याला दुप्पट महागात पडत.

यातील एका आकड्यावर भरवसा ठेवू नये : प्रतिस्पर्ध्यांची तीन गुणांची अचूकता. तो आकडा एका वर्षातून पुढच्या वर्षात फारसा टिकत नाही. प्रतिस्पर्ध्यांना तसे प्रयत्न किती करू दिले, हा आकडा मात्र बचावाच्या हातात असतो.

वेळापत्रक आणि शक्यता

वेळापत्रकात घरचे, परक्या कोर्टवरचे आणि तटस्थ ठिकाणचे सामने वेगळे मोजावेत. घरच्या कोर्टचा फायदा साधारण तीन गुणांचा धरतात, आणि पर्ड्यूच्या मॅकी अरीनासारख्या गजबजलेल्या ठिकाणी तो कमी भासत नाही. २०२३-२४ च्या नियमित हंगामात पर्ड्यू तीनच सामने हरला आणि तीनही परक्या कोर्टवर : नॉर्थवेस्टर्न, नेब्रास्का आणि ओहायो स्टेट. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघांची निवड करणारी समितीही ठिकाण पाहते. तिच्या नेट या क्रमवारीत घरी पहिल्या ३० संघांवर मिळवलेला विजय ज्या वर्गात बसतो, त्याच वर्गात परक्या कोर्टवर पहिल्या ७५ संघांवर मिळवलेला विजय बसतो.

मग एकच आकडा न सांगता पल्ला सांगावा, आणि नियमित हंगामाचा अंदाज मार्चच्या अंदाजापासून वेगळा ठेवावा. मोठ्या संघाला विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७५ टक्के धरली तरी सहाही जिंकण्याची शक्यता सुमारे १८ टक्के येते, आणि ८० टक्के धरली तर सुमारे २६. म्हणून ‘विजेतेपदाचा दावेदार’ या शब्दांचा प्रामाणिक अर्थ चारात एक किंवा त्याहूनही कमी एवढाच असतो. पत्रकारांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पर्ड्यूला तिसरा क्रमांक दिला. संघाने ३४ सामने जिंकले, ५ गमावले, बाहेरून मारण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवर नेले आणि १९६९ नंतर प्रथमच अंतिम सामना गाठला. तेथे ईडीने ३७ गुण केले तरी कनेटिकटने ७५-६० असा विजय मिळवला, कारण देशातील उत्तम नेमबाजांत गणल्या जाणाऱ्या पर्ड्यूला त्या रात्री रेषेबाहेरून केवळ सात प्रयत्न मिळाले आणि त्यांतला एकच साधला.

अंदाजाचा कागद दोनदा दुरुस्त करावा. पहिल्यांदा ऑक्टोबरअखेर, सरावाच्या सामन्यांनंतर. तेव्हाही निकालाकडे पाहू नये, कोण किती मिनिटे आणि कोणाबरोबर खेळला एवढेच टिपावे. २०२३ मध्ये पर्ड्यू असा एक सामना आर्कन्सामध्ये जादा वेळेत ८१-७७ असा हरला आणि त्या निकालावरून निष्कर्ष काढणारे फसले. दुसऱ्यांदा नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तटस्थ ठिकाणी होणाऱ्या स्पर्धांनंतर. त्या वर्षी हवाईतील माऊई बेटावरील वणव्यामुळे तेथील स्पर्धा होनोलुलूत भरली होती, आणि पर्ड्यूने तेथे तीन दिवसांत गोन्झागा, टेनेसी आणि मार्केट या विद्यापीठांना हरवले. ‘चेंडू हाताळणारा तिसरा माणूस’ या ओळीपुढचे प्रश्नचिन्ह खोडायला तो आठवडा योग्य होता.