गॉसचा आकडा: घरच्या घरी मोजायचा कसा

गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक. '१२,००० गॉसचा निओडिमियम चुंबक' अशी जाहिरात दिसली की आधी एकच विचारायचं: हे कुठे मोजलं? बहुतेक वेळा तो आकडा चुंबकाच्या मिश्रधातूचा असतो, तुमच्या हातातल्या चकतीचा नव्हे. त्याच धातूची १० मिमी व्यासाची आणि ५ मिमी जाडीची चकती घेतली, तर तिच्या पृष्ठाच्या मध्यावर हिशेबाने सुमारे ४,२०० गॉस येतात. ५ मिमी दूर गेलं की ११००, १० मिमीवर ३२५ आणि २० मिमीवर जेमतेम ६०. म्हणून अंतर लिहिलेलं नसेल तर गॉसचा आकडा वाचून काही कळत नाही.

नेमकं सांगायचं तर गॉस हे चुंबकीय क्षेत्राच्या घनतेचं जुन्या पद्धतीतलं एकक. १९६० पासून अधिकृत एकक टेस्ला आहे, पण १ टेस्ला म्हणजे तब्बल १०,००० गॉस. रोजच्या कामाला ते फार मोठं पडतं, म्हणून चुंबकवाले आणि स्पीकरवाले अजून गॉसच बोलतात. फोनमधलं चुंबकीय क्षेत्र मोजायचं ॲप मायक्रोटेस्ला (टेस्लाचा दहा लाखावा भाग) दाखवतं. त्याला १०० ने भागलं की गॉस मिळतात. पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्ला, म्हणजे ०.४ गॉसच्या जरा वर असतं. फोन ८० दाखवत असेल तर आधी कव्हरमधला चुंबक काढा, मग स्लॅबच्या सळयांपासून लांब, मोकळ्यावर जा. वेताळ टेकडीवर गेलात तर फोन उघड्या कातळावर ठेवू नका. आपला काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो.

चुंबक मोजायला मात्र फोन वापरू नका, त्याचा सेन्सर लगेच भरून जातो, म्हणजे आकडा पुढे वाढतच नाही. त्यासाठी एसएस४९ई हा तीन पायांचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राप्रमाणे व्होल्टेज बदलणारा छोटा भाग, घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून ५ व्होल्ट, ग्राउंड आणि आउटपुट असा क्रम येतो. क्षेत्र नसताना आउटपुट २.५ व्होल्टच्या आसपास असतं आणि दर गॉसला साधारण १.४ मिलिव्होल्ट बदलतं. छापील बाजूला दक्षिण ध्रुव आणला की ते वाढतं.

इथे पहिली अडचण येते. साधा मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या पायरीने चालतो, म्हणजे एका पायरीत सात गॉस गेले. त्यावर उपाय असा: १ किलोओहमचे दोन रेझिस्टर त्याच ५ व्होल्टवर एकापाठोपाठ जोडा आणि त्यांचा मधला बिंदू व सेन्सरचं आउटपुट यांतला फरक मोजा. आता २०० मिलिव्होल्टची रेंज चालते, शिवाय सप्लाय थोडा हलला तरी फारसं बिघडत नाही. मोठ्या क्षेत्राला २ व्होल्टची रेंज लावा.

१.४ हा आकडा डोळे झाकून धरू नका. सेन्सरागणिक तो १ ते १.७५ असू शकतो आणि नकली माल तर कसाही असतो. तो स्वतः ठरवायला कॉइल करा, म्हणजे किती गॉस येणार ते आधीच हिशेबाने माहीत असलेली तारेची गुंडाळी. २५ मिमी बाहेरचा व्यास असलेल्या पीव्हीसी पाइपवर २० सेंमी लांबीत २५ गेजच्या वाइंडिंग तारेचे ३५० वेढे गुंडाळा, त्यावर त्याच दिशेने फिरवत दुसरा ३५० चा थर द्या. दिशा उलटली तर दोन्ही थर एकमेकांना मारतात आणि मीटर हलतच नाही. तार ५५-६० मीटर लागते, वजनाने शंभर ग्रॅमच्या आसपास; दीडशे घ्या, तुटली तर हाताशी असावी. रोध पाचेक ओहम भरतो, त्यामुळे ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर साधारण १ अँपिअर वाहतो. नेमका १ अँपिअर असताना पाइपच्या मध्यावर ४३.६ गॉस असतात. मीटरवर करंट ०.९ अँपिअर दिसला तर गॉसही त्याच प्रमाणात कमी धरा.

सेन्सर आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवून पाइपच्या बरोबर मध्यापर्यंत सरकवा. पण आधी त्याचे पाय पकडीत धरून काटकोनात वाकवा, म्हणजे छापील बाजू पाइपच्या तोंडाकडे बघेल. सरळ पायांनी घातला तर क्षेत्र सेन्सरच्या पृष्ठाला समांतर जातं आणि रीडिंग शून्याजवळच राहतं. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात आणि सेन्सर जळाला म्हणून टाकून देतात.

आता एक रीडिंग घ्या, कॉइलच्या तारा उलट करून दुसरं घ्या. समजा +६७ आणि −५५ मिलिव्होल्ट आले. फरक १२२, त्याला दोन्ही दिशांच्या ८७.२ गॉसने भागलं की दर गॉसला १.४ मिलिव्होल्ट. वजाबाकीत सेन्सरची शून्याची चूक आणि पृथ्वीचं क्षेत्र दोन्ही निघून जातात. कॉइल चालू ठेवा फक्त दहा-पंधरा सेकंद. तार तापली की रोध वाढतो आणि करंट उतरतो. कॉइल आणि सेन्सर एकाच अडॅप्टरवर लावू नका.

चुंबक मोजताना मध्ये ठरावीक जाडीचा प्लास्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, लोखंडी पट्टी नको. टेबलही लाकडी हवं. १,००० गॉसच्या आसपास हा सेन्सर थकतो: चुंबक जवळ नेला तरी आकडा पुढे सरकत नाही. तसं झालं की अंतर वाढवा आणि निकाल 'इतक्या मिमीवर इतके गॉस' असाच लिहा.

मिक्सर किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ मात्र हा मीटर शून्य दाखवेल, कारण तिथलं क्षेत्र सेकंदात पन्नासदा उलटसुलट होतं आणि डीसी रेंज त्याची सरासरी काढते. तिथे एसी मिलिव्होल्टची रेंज लावा. सरळ साइन लहर असेल तर शिखराचा आकडा मीटरवरच्या आकड्याच्या १.४१ पट धरा.