ई-टेंडरचं प्रशिक्षण घेतलंत? तरीही या चुका टाळा

ई-टेंडरच्या वर्गात बहुतेक ठिकाणी काय शिकवतात? डीएससी (डिजिटल स्वाक्षरी) कशी जोडायची, महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर कुठे क्लिक करायचं, बीओक्यू (कामांचे दर भरायची फाइल) कुठे चढवायचा. हे यायलाच हवं. पण टेंडर बाद होण्याची आणि केलेल्या कामाचे पैसे अडकण्याची मोठी कारणं निविदा पुस्तिकेतल्या अटींमध्ये दडलेली असतात, आणि ती पानं वर्गात क्वचितच उघडली जातात.

पोर्टलच्या चुका आधी उरकून घेऊ. डाउनलोड केलेल्या बीओक्यू फाइलचं नाव बदलू नका, तिच्यात जादा रकाने घालू नका; पोर्टल ती स्वीकारत नाही. सगळी कागदपत्रं चढवली म्हणजे निविदा भरली असं नव्हे. ‘फ्रीज बिड’ केल्यावर जी पोच मिळते, ती हातात आली की भरली. मुदतीच्या आत दर बदलून निविदा पुन्हा सादर करता येते, पण एकदा मागे घेतली तर त्याच टेंडरला पुन्हा भरता येत नाही. आणि वेळ सर्व्हरची धरतात, तुमच्या मोबाइलची नाही. शुद्धिपत्रक, म्हणजे टेंडरमधल्या बदलांची सूचना, शेवटच्या दिवशीही पाहा. जुन्याच बीओक्यूवर दर भरून बसलेले लोक कमी नाहीत.

आता खरी गोम. ‘किरकोळ त्रुटी आहे, साहेब चालवून घेतील’ हा समज सगळ्यात महागात पडतो. पोद्दार स्टील प्रकरणात (१९९१) रेल्वेच्या वाराणसीतल्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सनं बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) रोख किंवा स्टेट बँकेच्या डिमांड ड्राफ्टनं मागितली होती. एकानं युनियन बँकेचा प्रमाणित चेक दिला. रेल्वेनं तो घेतला आणि सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. अट दुय्यम असेल तर ती शिथिल करता येते, असं न्यायालय म्हणालं. प्रशिक्षणात हा निकाल सांगितला की सगळ्यांना हायसं वाटतं.

पण सेंट्रल कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचा २०१६ चा निकालही सोबत वाचा. तिथे बँक गॅरंटी ठरवून दिलेल्या नमुन्यात नव्हती, म्हणून कंपनीनं निविदा नाकारली. सर्वोच्च न्यायालयानं तेही योग्यच ठरवलं. दोन निकाल एकमेकांच्या विरोधात वाटतात, तसे ते नाहीत. दोन्हीकडे न्यायालयानं टेंडर काढणाऱ्याचाच निर्णय राखला. सवलत देणं त्याच्या हातात आहे, ती मागणं तुमचा हक्क नाही. बँकेचा कारकून ‘आमचा नेहमीचा फॉरमॅट असाच असतो’ म्हणाला, तर निविदेतला नमुना त्याच्यापुढे ठेवा आणि शब्द न शब्द तसाच टाइप करून घ्या.

अटीचा अर्थ आपणच लावणं, ही त्याच जातीची चूक. नागपूर मेट्रोच्या कामात अनुभवाच्या अटीवरून वाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की ज्यानं निविदा लिहिली, त्यालाच तिचा अर्थ चांगला कळतो. दुष्ट हेतू किंवा विपर्यास दिसला नाही तर न्यायालय ढवळाढवळ करणार नाही. म्हणून शंका प्री-बिड, म्हणजे निविदा भरण्याआधीच्या, बैठकीत लेखी विचारा. तोंडी मिळालेलं उत्तर मिळालंच नाही असं समजा.

‘आमचं उद्यम (लघुउद्योग म्हणून नोंदणी) आहे, बयाणा माफ’ हेही सरसकट खरं नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटाला ते गृहीत धरू नका. नुसत्या व्यापाऱ्यालाही त्याचा लाभ नाही.

काम मिळाल्यावरची चूक म्हणजे तोंडी हुकुमावर वाढीव काम करणं. ‘करून टाका, एक्स्ट्रा आयटममध्ये बसवू’ असं साइटवर सांगणारा अधिकारी बिलाच्या वेळी बदलून गेलेला असतो. राज्यघटनेच्या कलम २९९ नुसार सरकारचा करार राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या नावे, अधिकृत व्यक्तीनं आणि ठरलेल्या रीतीनंच व्हावा लागतो. करार कायद्याच्या कलम ७० खाली, फुकट म्हणून न केलेल्या आणि सरकारनं स्वीकारलेल्या कामाचा मोबदला मागता येतो, बी. के. मोंडल प्रकरणात (१९६२) तो मान्यही झाला. मात्र तो कोर्टाचा लांबचा रस्ता आहे. साइट ऑर्डर बुकमध्ये नोंद करून घ्या, त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, दर मंजुरीचं विचारा. पाया, सळई अशी झाकली जाणारी कामं झाकण्याआधी मोजमाप पुस्तकात चढलीच पाहिजेत.

आणि निविदा बाद झालीच तर? पोर्टलवरच्या तांत्रिक मूल्यमापनाच्या कागदात कारण वाचा आणि आर्थिक (दरांचा) लिफाफा उघडण्याआधी लेखी हरकत घ्या. स्पर्धकाकडे पात्रताच नसताना त्याला काम दिलं असेल, तर मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचं रमणा शेट्टी प्रकरण (१९७९) तुमच्या बाजूनं आहे: स्वतः ठरवलेला पात्रतेचा निकष सरकारी संस्थेवर बंधनकारक असतो. मात्र याचिकाकर्त्याचा मुद्दा मान्य करूनही न्यायालयानं ते कंत्राट रद्द केलं नाही. याचिका यायला काही महिने उशीर झाला होता आणि तोवर ठेकेदारानं पैसे घालून धंदा सुरू केला होता. कार्यारंभ आदेश निघण्याची वाट पाहत बसू नका. हरकतीचं पत्र त्याच आठवड्यात, आवक क्रमांकासह.