सेडानमागे हलका ट्रेलर जोडताना

दीडशे हॉर्सपॉवरच्या टर्बो सेडानला चारशे किलोचा ट्रेलर ओढणं जड जात नाही, आणि गोची तिथेच आहे. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हियातलं दीड लिटर इंजिन 250 न्यूटन मीटर टॉर्क देतं, त्यामुळे मागे काही जोडलंय हेच विसरायला होतं. आठवण होते ती ब्रेक मारल्यावर, नाहीतर नागपूरच्या वर्धा रोडवर कंटेनर शेजारून सुसाट गेला आणि ट्रेलर डुलायला लागला की. तेव्हा इंजिनाची काळजी सोडा. गाडीच्या मागच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या दांड्यावर (गाडीला जोडणाऱ्या पुढच्या भागावर) किती वजन पडतंय, ते बघा.

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. तुमच्या मॉडेलसाठी ओढायच्या वजनाचा आकडा दिलेला असेल तरच पुढे जा. 'ट्रेलर जोडू नये' असं छापलेलं असेल किंवा आकडाच नसेल, तर विषय तिथेच संपला. तेच मॉडेल युरोपात ट्रेलर ओढतं, हे उत्तर इथे कामाचं नाही. तिथल्या गाडीचं कूलिंग आणि मागचे माउंटिंग पॉइंट वेगळे असू शकतात. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी युरोपातला नियम मात्र आपणही पाळावा असा आहे: रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्मं किंवा 750 किलो, यातलं जे कमी असेल ते. साडेबाराशे किलोच्या सेडानला म्हणजे 625. आमचं म्हणाल तर 500 च्या वर जाऊच नका.

कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणीही वेगळी. हिंगण्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेली ट्रॉली दिसायला मजबूत असते, पण पैसे देण्याआधी ती आपल्या आरटीओत (एमएच 31, 49 किंवा 40) नोंदली जाईल का, ते विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

टो-बार (गाडीमागे बसवायचा, टोकाला गोळा म्हणजे बॉल असलेला दांडा) बंपरला नव्हे, चेसिसच्या मूळ बोल्ट पॉइंटना बसला पाहिजे. गाडी भरलेली असताना बॉलचा मध्य जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटरवर हवा. स्प्रिंग बदलून गाडी खाली केली असेल तर हे माप हमखास चुकतं. बॉल 50 मिलिमीटरचा आहे की दोन इंचाचा, म्हणजे 50.8 चा, हेही कॅलिपरने मोजा. 50 चं कपलिंग, म्हणजे बॉलवर अडकणारी ट्रेलरची टोपी, दोन इंचाच्या बॉलवर नीट बसत नाही. दोन इंचाचं कपलिंग 50 च्या बॉलवर बसतं, पण खडखडत राहतं आणि एखाद्या खड्ड्यात उसळून सुटू शकतं.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. सात पिनच्या सॉकेटमध्ये पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, निळी मागच्या फॉगची, पांढरी अर्थिंगची, हिरवी उजव्या इंडिकेटरची, तपकिरी उजव्या टेल लाइटची, लाल ब्रेक लाइटची आणि काळी डाव्या टेल लाइटची. एलईडी टेल लाइटच्या वायरला थेट जोड मारू नका. गाडीचा कंट्रोल मॉड्यूल चुकीचा इशारा दाखवतो, कधी कधी जळतोही. बायपास रिले (गाडीच्या वायरवरून फक्त इशारा घेणारा स्विच) लावा आणि त्याला बॅटरीवरून फ्यूजसकट वेगळी लाइन द्या. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणायला लागला तर बल्ब बदलत बसू नका, पांढरी वायर तपासा. बहुतेक वेळा अर्थिंगच ढिलं असतं. या गाड्यांचे सायलेन्सर बंपरला चिकटून असतात, म्हणून वायर तिथून निदान चार बोटं लांब ठेवा आणि उष्णतारोधक स्लीव्हमध्ये घाला.

आता मुख्य काम, दांड्याचा भार. कपलिंगवर खाली पडणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 7 टक्के हवं. ट्रेलर 150 किलोचा आणि त्यावर 175 किलोची मोटरसायकल धरली, तर एकूण 325 आणि दांड्यावर सुमारे 23 किलो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. काट्यावर फळी ठेवा, फळीवर बॉलच्या उंचीला येईल एवढा दांडका उभा करा आणि कपलिंग त्यावर टेकवून दांड्याखालचं छोटं आधाराचं चाक वर घ्या. आकडा कमी आला तर मोटरसायकल पुढे सरकवा. ट्रेलरच्या ॲक्सलपासून कपलिंग 2.4 मीटरवर असेल, तर ती 10 सेंटिमीटर पुढे घेतल्यावर दांड्यावर सुमारे 7 किलो वाढतात. पट्टे आवळायच्या आधी हे करा, नाहीतर सगळं पुन्हा सोडावं लागतं.

भार कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवतो. जास्त झाला तर गाडीचं नाक उचललं जातं. बॉल मागच्या ॲक्सलपासून मीटरभर मागे असतो, त्यामुळे 30 किलो भार टाकला की मागच्या चाकांवर सुमारे 41 किलो येतात आणि पुढच्यांवरून 11 किलो जातात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत याचा अर्थ ओल्या रस्त्यावर पकड कमी. डिक्कीत आणखी सामान भरायची हौस करू नका. एकूण वजनाची शंका असेल तर वाडी किंवा कळमन्याकडच्या धरमकाट्यावर घालून या.

गाडीच्या मागच्या टायरांत पूर्ण भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर दिलेली हवा ठेवा. ट्रेलरला 145/80 आर12 चे टायर असतील, लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा टायरवरचा कोड) 74, तर एक टायर 375 किलो पेलतो. यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. मे महिन्यातल्या नागपुरात, पारा 45 ला टेकलेला असताना, उन्हात वर्षभर उभ्या ट्रेलरचा टायर नवा दिसतो पण बाजूने तडकलेला असतो. टायरवरचा चार आकडी कोड बघा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर काढून टाका. हवा सकाळी थंड असताना भरा आणि तापल्यावर वाढलेली हवा सोडू नका.

जोडताना कपलिंग बसलं की दांड्याखालच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून दांडा उचलून बघा. गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर लॉक पक्कं. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या ओलांडून लावा. मागचे पार्किंग सेन्सर आणि रिव्हर्सचा ऑटो ब्रेक बंद ठेवा.

वेग 80 च्या आत. 100 ला थांबवायची ऊर्जा 80 पेक्षा 56 टक्के जास्त असते, आणि ट्रेलरला ब्रेक नसेल तर ती सगळी गाडीच्याच डिस्कवर येते. ट्रेलर डुलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा. ना उलट वळवा, ना जोरात ब्रेक मारा, ना वेग वाढवून 'सरळ करायला' जा. शहरातल्या सिमेंट रस्त्यांच्या कडा बऱ्याच ठिकाणी उंच आहेत, तिथून ट्रेलरचं एकच चाक खाली उतरू देऊ नका.

या गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोरडे (तेलात न बुडालेले) क्लच आहेत. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या उतारावर कयाक उतरवायला रिव्हर्स घेताना ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर ते तापतात. ब्रेकवर धरा आणि एका झटक्यात हलवा. रिव्हर्समध्ये हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. छोटा ट्रेलर पटकन दुमडतो, तेव्हा थोडं वळवा आणि लगेच सरळ करा. चिखलदऱ्याच्या घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

रामटेकला निघालात तर मनसरच्या फाट्यावर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि ट्रेलरच्या दोन्ही हबांजवळ (चाकांच्या मधल्या भागाजवळ) हाताची पाठ नेऊन बघा. एक कोमट आणि दुसऱ्याजवळ हात ठरत नसेल, तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलेलं आहे किंवा त्यातलं ग्रीस सुकलंय. ट्रेलर तिथेच सोडवा.