एकाच कॉम्प्युटरवर डेटाबेसची दोन व्हर्जन्स ठेवताय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. भिवंडीच्या एका गोडाऊनवाल्याचं जुनं काम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १२ व्हर्जनवर होतं आणि नवीन प्रोजेक्ट १६ वर, दोन्ही माझ्याच लॅपटॉपवर. संध्याकाळी घाटकोपरच्या ऑफिसातून निघायच्या आधी नवीनमधला टेस्टचा कचरा साफ करू म्हणून टेबलवर ट्रंकेट (सगळ्या ओळी उडवणारी कमांड) मारलं, आणि साफ झाला तो जुन्यातला डेटा. माल आवक-जावकच्या तीन दिवसांच्या एन्ट्र्या गेल्या, कारण बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा होता, आणि मग त्यांच्या माणसाने चलनं बघून बघून सगळं परत भरलं. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, चूक माझी आणि राबला तो.

झालं होतं एवढंच की दोन्हीकडे डेटाबेसचं नाव सेम, युजर सेम, पासवर्ड पण सेम, आणि मी ज्याला नवीन समजत होतो तो जुना होता. तेव्हापासून टीममधलं कुणीही "अरे डेटा दिसत नाहीये" किंवा "काल टाकलेला कॉलम गायब झाला" म्हणत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, तू नक्की कुठल्या सर्व्हरशी बोलतोयस? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी भीती काढून टाका. दोन काय, चार व्हर्जन्स पण एका मशीनवर आरामात राहतात, फक्त प्रत्येकाचा पोर्ट, डेटा फोल्डर आणि सर्व्हिसचं नाव वेगळं पाहिजे, लिनक्सवर सॉकेट फाइल (त्याच मशीनवरचे प्रोग्राम जिच्यातून सर्व्हरशी बोलतात ती) पण वेगळी पाहिजे.

पोर्ट न बघता नेक्स्ट-नेक्स्ट करणं

पोर्ट म्हणजे चाळीतला खोली नंबर समजा. पोस्टग्रेसचा ठरलेला नंबर ५४३२, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा ३३०६, आणि एका नंबरवर एकच बिऱ्हाड राहू शकतं. विंडोजवर दुसरं व्हर्जन टाकताना इन्स्टॉलरला ५४३२ भरलेला दिसला की तो ५४३३ सुचवतो आणि आपण न वाचता पुढे जातो. उबुंटूवर तर दुसऱ्या क्लस्टरला (म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला, त्याच्या डेटासकट) पुढचा मोकळा नंबर आपोआप मिळतो, कोणी विचारत पण नाही. मग ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये ५४३२ तसाच राहतो आणि आपण जुन्याच खोलीचं दार वाजवत बसतो.

यावर उपाय म्हणजे सर्व्हरलाच विचारायचं. कनेक्ट झाल्यावर 'सिलेक्ट व्हर्जन' चालवा, मग 'शो पोर्ट', मग 'शो डेटा_डिरेक्टरी' (हे शेवटचं सुपरयुजरने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने चालवा). तीन ओळी आहेत, दहा सेकंद लागतात. उबुंटू किंवा डेबियनवर असाल तर टर्मिनलवर 'पीजी_एलएसक्लस्टर्स' टाइप करा, कुठलं व्हर्जन, कुठला पोर्ट, चालू का बंद, डेटा कुठे, लॉग कुठे, सगळं एका तक्त्यात समोर येतं. पीजीॲडमिनमध्ये (पोस्टग्रेस माऊसने हाताळायचं टूल) प्रत्येक सर्व्हरला वेगळा रंग देता येतो, मी जुन्याला लाल दिलाय आणि नावातच व्हर्जन आणि पोर्ट लिहिलाय. आणि पासवर्ड वेगळे ठेवा, प्लीज. चुकीच्या दारावर गेलात तर निदान कुलूप तरी उघडणार नाही, माझ्या केसमध्ये तेवढ्यानेच सगळं वाचलं असतं.

मायएसक्यूएलमधला लोकलहोस्टचा गोंधळ

हा वेगळा सांगतो कारण यात चांगले चांगले अडकतात. लिनक्स किंवा मॅकवर दुसरा मायएसक्यूएल ३३०७ वर चालवला, कमांडमध्ये होस्ट लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) दिला, पोर्ट ३३०७ दिला, आणि तरी कनेक्शन गेलं पहिल्याच सर्व्हरवर! एरर नाही काही नाही. कारण लोकलहोस्ट हे नाव दिसलं की मायएसक्यूएलचा क्लायंट पोर्ट बघतच नाही, तो सरळ सॉकेट फाइल वापरतो, आणि ती डिफॉल्ट फाइल पहिल्या सर्व्हरची असते. होस्ट म्हणून १२७.०.०.१ लिहा, नाहीतर दुसऱ्या सर्व्हरच्या सॉकेटचा पूर्ण पाथ द्या. अजून एक, ८.० पासून मायएसक्यूएल ३३०६ सोबत ३३०६० हा दुसरा पोर्ट पण उघडतो, एक्स प्रोटोकॉल या त्याच्या दुसऱ्या बोलण्याच्या पद्धतीसाठी. दोन सर्व्हर ठेवताना तो पण बदला किंवा बंद करा, नाहीतर लॉगमध्ये पोर्ट भरलाय अशी तक्रार येत राहते आणि आपण ३३०६ तपासत बसतो, जिथे सगळं ठीक असतं.

नवीन व्हर्जनला जुना डेटा फोल्डर दाखवणं

हे कधीच करू नका. पोस्टग्रेसमध्ये निदान तो सुरूच होत नाही, डेटा फाइल्स या सर्व्हरशी जुळत नाहीत असं सांगून थांबतो. फोल्डरमधल्या पीजी_व्हर्जन नावाच्या छोट्या फाइलमध्ये नंबर असतो, तो वाचा आणि त्याच व्हर्जनने उघडा. आणि ९.५ आणि ९.६ यांना एकच समजू नका, १० च्या आधी टिंबानंतरचा आकडा बदलला तरी ते वेगळं मेजर व्हर्जन असायचं.

मायएसक्यूएलमध्ये धोका जास्त आहे. ५.७ चा फोल्डर ८.० ने उघडला तर तो आतली रचना बदलून टाकतो, आणि मग ५.७ ला तो फोल्डर परत उघडता येत नाही. परतीचा रस्ता म्हणजे आधी काढलेला बॅकअप, दुसरा नाही. डॉकरवाल्यांचं (सर्व्हर तयार डब्यात चालवणाऱ्यांचं) पण हेच होतं, इमेजला म्हणजे त्या डब्याच्या साच्याला 'लेटेस्ट' टॅग लावलेला असतो, एक दिवस नवीन इमेज खेचली जाते, व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) जुनाच, आणि पोस्टग्रेस उठतच नाही. टॅगमध्ये नंबर लिहा, १६ तर १६.

याच प्रकारातली अजून एक घातक सवय म्हणजे सर्व्हर सुरू होत नाही म्हणून 'पोस्टमास्टर.पीआयडी' फाइल उडवणं, कारण कुठेतरी तसं वाचलेलं असतं. आधी बघा त्या फोल्डरवर खरंच कुठली प्रोसेस चालू नाहीये ना. ती फाइल कुलूप आहे, एकाच डेटावर दोन सर्व्हर चढले तर डेटा खराब होतो आणि तो दुरुस्त करणं फार कठीण असतं.

बॅकअप घेताना व्हर्जन जुळत नाही

'पीजी_डंप' (पोस्टग्रेसची बॅकअप काढायची कमांड) चालवलं आणि सर्व्हर व्हर्जन मिसमॅच म्हणून थांबलं, तर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डर्सच्या यादीत) जुनं व्हर्जन आधी लागलंय. नवीन पीजी_डंप जुन्या सर्व्हरचा बॅकअप घेतो (१६ चा तर ९.२ पर्यंत मागे जातो), पण जुना नवीन सर्व्हरचा घेत नाही. त्यामुळे पूर्ण पाथ देऊन १६ च्या फोल्डरमधलाच चालवा. फक्त १६ वरून काढलेला डंप १२ मध्ये चढेलच असं धरून चालू नका. पोस्टजीआयएससारखी (नकाशांच्या डेटासाठीची) एक्स्टेन्शन्स पण प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळी टाकावी लागतात, रिस्टोरच्या आधी ती टाका.

लॉगिन होत नाही म्हणून लोक सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकतात, त्याची गरज नसते. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड डिफॉल्टने स्क्रॅम नावाच्या जास्त सुरक्षित पद्धतीने ठेवला जातो, मायएसक्यूएल ८.० ने पण डिफॉल्ट पद्धत बदलली, आणि जुन्या ड्रायव्हरला (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडला) ते समजत नाही. ड्रायव्हर अपडेट करा, सर्व्हरची सुरक्षा खाली आणू नका. आणि पोस्टग्रेस १५ पासून साध्या युजरला पब्लिक स्कीमामध्ये (टेबलं ठेवायच्या सामायिक कप्प्यात) डिफॉल्टने टेबल बनवता येत नाही, १२ वर चाललेली स्क्रिप्ट १६ वर परमिशन डिनाइड देते ती बऱ्याचदा यामुळेच. युजरला त्याची स्वतःची स्कीमा द्या, काम होतं.

रॅमचं थोडक्यात, लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर रोज न लागणाऱ्या व्हर्जनची सर्व्हिस मॅन्युअल स्टार्टवर ठेवा.

आणि जुनं व्हर्जन काढायची घाई करू नका. डेटाबेसच्या डंपमध्ये युजर आणि रोल येत नाहीत, ते 'पीजी_डंपऑल'ला 'ग्लोबल्स-ओन्ली' लावून वेगळे काढावे लागतात. 'पीजी_अपग्रेड' (डेटा नवीन व्हर्जनवर नेणारं टूल) लिंक मोडमध्ये, म्हणजे फाइल्स कॉपी न करता केलं असेल तर नवीन सर्व्हर एकदा सुरू झाल्यावर जुना चालवायचा नाही, फाइल्स दोघांच्या एकच असतात. तसं नसेल तर जुनी सर्व्हिस बंद करून फोल्डर तसाच राहू द्या. भिवंडीवाल्यांचा डेटा मी १६ वर नेल्यावर त्यांचं महिनाअखेरचं बिलिंग नवीनवर पूर्ण होईपर्यंत १२ चा फोल्डर हलवला नव्हता, आणि नंतरही तो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, मगच लॅपटॉपवरून काढला.