व्हेलच्या बुडीबद्दल सांगताना या चुका टाळा

‘व्हेल छातीत भरपूर हवा भरून घेतो, म्हणून तासभर पाण्याखाली राहतो.’ सगळ्यात जास्त पसरलेली चूक हीच. हजार मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या सुमारे शंभरपट असतो. तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीच फुप्फुसं दबून मिटतात आणि त्यातल्या हवेची रक्ताशी देवाणघेवाण थांबते. एका परीने बरंच, कारण नायट्रोजनही रक्तात फारसा उतरत नाही; उतरला तर वर येताना त्याचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते. ऑक्सिजनची शिदोरी असते ती रक्तात आणि स्नायूंत.

स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवतं ते मायोग्लोबिन नावाचं प्रथिन. खोल बुडणाऱ्या व्हेलमध्ये ते आपल्या दहापटीहून जास्त असतं, म्हणून त्याचं मांस जवळजवळ काळं दिसतं. प्रथिन इतकं दाटलं तर त्याच्या गुठळ्या का होत नाहीत? या रेणूंच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार जास्त असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. हे २०१३ मध्ये उलगडलं. प्रथिनाची त्रिमितीय रचना १९५८ मध्ये पहिल्यांदा जॉन केंड्र्यू यांनी दाखवली, तीही स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनचीच.

आता हिशेब. बुडी किती वेळ टिकेल हे काढताना ऑक्सिजनच्या साठ्याला पृष्ठभागावरच्या दर मिनिटाच्या खर्चाने भागलंत, तर उत्तर कमीच येणार. इथे पुष्कळजण अडतात आणि मग साठाच फुगवून सांगतात. चूक खर्चाच्या आकड्यात असते. बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात, बऱ्याच अवयवांकडचा रक्तपुरवठा आखडतो, मेंदूचा मात्र चालू राहतो. उतरताना व्हेल बराच वेळ शेपूट न हलवता नुसता घसरत जातो.

मोठ्या प्लीहेत राखीव रक्त साठवणं ही सीलची युक्ती. व्हेलची प्लीहा अंगाच्या मानाने लहानच. तीही त्याच्या नावावर खपवू नका.

विक्रमाला सरासरी समजणं ही आणखी एक गफलत. क्युव्हियरच्या बीक्ड व्हेलची (चोचीसारखं तोंड असलेल्या व्हेलची एक जात) २२२ मिनिटांची बुडी २०१७ मध्ये नोंदली गेली. त्याची नेहमीची खोल बुडी साधारण तासाभराचीच.

आणि ‘व्हेलला नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास होतच नाही’ असं ठामपणे लिहू नका. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलाचा सराव चालू असताना बीक्ड व्हेल किनाऱ्याला लागले आणि मेले. त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले होते.