अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर आणि संसारावर वाद घालताना

बडोद्यात जुने गाणे ऐकणारी चार मराठी माणसे जमली आणि हिंदुस्थानी संगीतातील किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचे नाव निघाले, की दोन वाद हमखास पेटतात. पहिला त्यांच्या आवाजाचा आणि दुसरा ताराबाई माने यांच्याबरोबरच्या संसाराचा, कारण तो संसार याच गावात, गायकवाडी दरबाराच्या आसऱ्याने जुळला. दांडिया बाजारातील आमच्या घरी ज्या श्रवणबैठका होत, त्यांपैकी पहिल्या काही या दोन वादांची सरमिसळ होऊन वाया गेल्या. एकदा तर तबकडी लागण्याआधीच कोणी कोणाला फसवले यावर आवाज चढले आणि गाणे न ऐकताच मंडळी उठली. त्यानंतर जी पद्धत बसत गेली ती येथे मांडतो. गायकाला न्याय मिळावा आणि ताराबाईंनाही मिळावा, एवढीच त्यामागची तळमळ आहे.

बैठकीचा पहिला तास केवळ गाण्याचा ठेवावा आणि त्या तासात संसाराचा विषय काढू नये, हे निमंत्रण देतानाच सांगावे. ऐकवण्यासाठी दोन काळांतील ध्वनिमुद्रिका निवडाव्यात: काही १९०५ च्या सुमारास निघालेल्या आणि काही १९३० नंतरच्या. या दोन काळांमधील फरक गळ्याचा जितका आहे तितकाच यंत्राचाही आहे, हे यजमानाने आधी समजावून सांगणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीत गायक कर्ण्यासमोर गात असे आणि त्यात आवाजातील खर्जाचा भरीवपणा व वरच्या बाजूची चमक दोन्ही गळून पडत. १९२५ नंतर मायक्रोफोनने मुद्रण होऊ लागले तेव्हा आवाजाचा बारकावा तबकडीवर उतरू लागला. म्हणून १९०५ ची तबकडी ऐकून ‘तरुणपणी आवाज पातळ होता’ असा निकाल देणाऱ्याला तेथेच थांबवावे.

वेगाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांची म्हटली, तरी त्या काळी मुद्रणाचा वेग सर्वत्र सारखा नसे. वाजवताना वेग मूळ मुद्रणापेक्षा शेकडा ६ ने वाढला तर सगळे गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढते, लय घाईची वाटते आणि आवाज चिमटल्यासारखा ऐकू येतो. मात्र स्वरास्वरांमधील अंतर त्यामुळे बदलत नाही, तेव्हा गंधार (‘ग’ हा स्वर) चढा की उतरा हा वाद अशा तबकडीवरही घालता येतो. भोक मध्यभागी नसलेल्या तबकडीवर मात्र तो घालू नये: तिचा स्वर प्रत्येक फेरीबरोबर, म्हणजे पाऊण सेकंदाहून किंचित अधिक काळाने, वरखाली होत राहतो आणि ऐकणाऱ्याला गळाच कापतो आहे असे वाटते. अशा वेळी साथीचा स्वर ऐकावा. तोही त्याच ठेक्याने डुलत असेल तर दोष गायकाचा नव्हे.

एक बाजू साधारण तीन मिनिटांची असते, त्यामुळे ती तीनदा लावणे सहज शक्य आहे. झिंझोटीतील ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी यासाठी मी नेहमी घेतो. पहिल्या वेळी कोणीही बोलू नये. दुसऱ्या वेळी फक्त स्वराचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची पद्धत, ऐकावी: स्वर कोठून उचलला, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) किती लांबवली, पुकार करताना, म्हणजे वरच्या स्वरात आर्त साद घालताना, आवाज फुटला की टोकदार राहिला. तिसऱ्या वेळी ठेक्याकडे आणि शब्दांकडे लक्ष द्यावे, कारण किराना गायकीवरील नेहमीचा आक्षेप तेथेच आहे, की स्वराच्या ओढीत बोल विरघळतात आणि लयीशी खेळणे मागे पडते. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. परंतु तो तिसऱ्या वेळेच्या श्रवणानंतर, नेमका कोठे शब्द हरवला ते दाखवून घेतला पाहिजे. नुसते ‘मजा नाही’ म्हणणाऱ्याला पुन्हा तबकडी लावून जागा दाखवायला सांगावे.

बडोद्याच्या कानाची एक खोड येथे सांभाळावी लागते. फैयाज खाँसाहेब १९५० मध्ये येथेच निवर्तले आणि त्यांच्या भरदार, नोमतोमने (‘नोम’, ‘तोम’ अशा अक्षरांवरील आलापीने) भारलेल्या आग्रा घराण्याच्या गायकीवर या गावाच्या दोन पिढ्या पोसल्या. त्या मापाने करीम खाँसाहेबांचा आवाज नाकातला आणि बारीक ठरणारच. पण किराना परंपरेचे नाते सारंगीशी आहे. सारंगीचा स्वर जसा तुटत नाही, तसा अखंड स्वर गळ्यातून काढणे हेच त्यांनी आयुष्यभर साधले. ज्याने जे साधायचे ठरवले ते त्याला कितपत साधले, असाच प्रश्न दोघांबाबत विचारावा.

दुसऱ्या तासाला संसाराकडे वळताना यजमानाने आधी निर्विवाद गोष्टींचे एक टिपण वाचून दाखवावे. ताराबाई बडोद्याच्या सरदार माने घराण्यातील होत्या, या विवाहामुळे दोघांना बडोदे सोडावे लागले, त्यांना पाच मुले झाली आणि १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. या मुलांपैकी अब्दुल रहमान पुढे सुरेशबाबू माने म्हणून आणि चंपाकली गायिका हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखल्या गेल्या. सकीना सरस्वतीबाई राणे झाल्या. खाँसाहेबांची पहिली पत्नी गफूरन ही अब्दुल वहीद खाँ यांची बहीण, आणि त्याच वहीद खाँसाहेबांनी पुढे हिराबाईंना शिकवले. नात्यांचा हा गुंता वाचून दाखवला की दोन बाजू पाडून भांडणाऱ्यांचा जोर बराच ओसरतो. त्यापलीकडचे जे काही, ‘आमच्या आजी सांगत’ या सुरुवातीचे असेल, त्याच्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहून ठेवावे. जुन्या बडोद्यात मानकऱ्यांची घरे एकमेकांना लागून आहेत, आणि अशी गोष्ट कोणाच्या तरी माहेराबद्दल असते, हे विसरू नये.

गाणे आणि संसार यांची सांधेजोड कोणीतरी करणारच, आणि बहुधा ती अशी असते की घर मोडल्याचे दुःख त्या आवाजात उतरले. ही कल्पना मोहक आहे, परंतु ती तपासता येते. घर मोडण्याआधीची तबकडी, कर्ण्याचा दोष वजा करून, पुन्हा लावावी आणि तीच आर्त ओढ तेथे आहे का ते ऐकावे. शिवाय विरहाची ठुमरी गाताना सुखी माणसालाही आवाजात विरह आणावाच लागतो. याउलट ताराबाईंचा वाटा विचारला गेला पाहिजे. पाच मुले एकटीने वाढवताना मुलांच्या हातून गाणे सुटू न देणाऱ्या या बाईंविषयी बैठकीत दहा मिनिटेही बोलले जात नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. म्हणून मी त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवतो आणि तो वेळ प्रथम घरातील स्त्रियांना बोलण्यासाठी देतो.

शेवटची तबकडी हिराबाईंची लावावी. ती संपेपर्यंत चहा आणू नये.