घर बदललं, कॉलेज बदललं आणि मूल गप्प झालं: या चुका टाळा

जून आला की मुंबईतल्या बऱ्याच घरांत दोन गोष्टी एकदम येतात. दहावी झालेलं मूल अकरावीच्या प्रवेश फेऱ्यांत अडकलेलं असतं आणि इमारत रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे बांधाबांध सुरू असते. लालबाग-गिरगावची खोली सोडून काही वर्षांसाठी डोंबिवलीला किंवा विरारला भाड्याने जायचं आणि मराठी माध्यमातून थेट इंग्रजीतून सायन्सला बसायचं. मोठ्यांच्या लेखी हे सगळं चांगलंच चाललेलं असतं: घर मोठं होणार, कॉलेज मनासारखं मिळालं. मग पोरगं एवढं चिडचिड का करतंय, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

शाळा-कॉलेजातल्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. बदल मुलं पचवतात. आपल्याला कोणी विचारलंच नाही, हे मात्र त्यांना खोलवर लागतं.

सगळं ठरल्यावर सांगणं

'अभ्यासावर परिणाम नको' म्हणून मुलांना शेवटी सांगितलं जातं. तोवर सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात चाललेलं बोलणं त्यांच्या कानावर पडलेलं असतं. बाबांची नोकरी गेली, आजोबांचं ऑपरेशन ठरलं, आईबाबा वेगळे राहणार, अशा वेळीही हेच होतं. घरात कुजबुज सुरू झाली की मूल अर्धं ऐकतं आणि उरलेलं मनाने रचतं. ते रचलेलं बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

तारीख पक्की नसली तरी सांगा. काय ठरलंय, काय अजून ठरायचंय, दोन्ही सांगा. आणि एक-दोन निर्णय खरोखर त्याच्या हातात द्या: क्लास दादरचाच ठेवायचा की नव्या घराजवळचा घ्यायचा, टेबल कुठल्या खिडकीशी लावायचं. आधीच ठरवून टाकलेल्या गोष्टीवर 'तुझं मत काय?' असं विचारू नका. हा बनाव मुलं लगेच ओळखतात आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत.

ताणाला उद्धटपणा समजणं

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं, संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की खालून कोणीतरी हाक मारायचं. आता फ्लॅटचं दार बंद आणि शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. सकाळी गच्च भरलेल्या लोकलमध्ये सॅक पोटाशी धरून उभं राहायचं, संध्याकाळी तसंच परत. घरी आल्यावर आई सॅकमधून डबा काढते, तर पोळीभाजी जशीच्या तशी. 'डबा का नाही खाल्लास?' 'तुला काय करायचंय?' आणि आतल्या खोलीचं दार धाडकन लागतं. मग वाद 'आईशी असं बोलतात का' यावर जातो आणि डब्याचा प्रश्न तसाच राहतो. नव्या वर्गात कोणाजवळ बसून डबा उघडायचा, हे त्याचं अजून जमलेलं नसतं, एवढंच.

ताण आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं. छाती धडधडते, भूक मरते, झोप उडते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणून या वयात दुःख अनेकदा रागाच्या वाटेने बाहेर पडतं, नाहीतर दर सोमवारी दुखणाऱ्या पोटातून. पोट दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवाच. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून 'नाटकं करतोय' असं म्हणू नका. ते दुखणं खरंच असतं.

उलट उत्तराबद्दल जरूर बोला, पण नंतर. आधी त्याला खाऊ द्या, जरा टेकू द्या. मग भाजी आणायला किंवा नाक्यापर्यंत बरोबर न्या आणि सहज विचारा, 'नव्या वर्गात कोणाबरोबर बसतोस?' समोरासमोर बसवून चौकशी केली की मुलं मिटतात, शेजारून चालताना बोलतात. उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका. 'आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली' तर नकोच, तिथे बोलणं संपतं.

झोप कापणं

नवीन घर लांब, कॉलेज सकाळचं, रात्री क्लास. मग कात्री झोपेला लागते. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं. दहाला आडवं होऊनही त्याला झोप येत नाही, यात आळशीपणा नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी पहिले काही महिने एखादा क्लास कमी करावा. गेलेली झोप भरून निघाल्याशिवाय त्या क्लासातलं काही डोक्यात राहत नाही.

जुनं सगळं एकदम तोडणं

'आता तिथलं विसर, इथे मित्र कर' असं म्हणून मोबाइल काढून घेऊ नका. जुनी मित्रमंडळी सध्या त्याच फोनमध्ये आहेत. रात्री झोपताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा, एवढा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी पुरे. गणपतीत जुन्या मंडळाच्या आरतीला जाऊ द्या. शनिवारचं क्रिकेट जुन्या ग्राउंडवर होत असेल तर तिकिटाचे पैसे द्या. बाकी सगळं हलत असताना दोन-तीन गोष्टी जागच्या जागी राहायला हव्यात.

'होईल आपोआप ठीक' म्हणत थांबणं

सुरुवातीचे काही आठवडे कुरबुर चालणारच. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास राहणं, आवडीचं सगळं सोडणं, खाणं-झोप पार बिघडणं, कॉलेजला जायचंच नाही असा हट्ट, हे दिसलं तर मदत घ्या. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलला किंवा अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका, औषधं-फिनेल हाताशी ठेवू नका.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. अठराखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. 'जरा बाहेर जाऊन येऊ' असं सांगून मुलाला फसवून नेऊ नका, कुठे आणि कशासाठी जातोय ते घरीच सांगा. डॉक्टर थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलतील, तेव्हा तुम्ही बाहेर बसा आणि परतीच्या गाडीत 'काय विचारलं त्यांनी?' हे मुळीच विचारू नका.